अवघड जागेचं दुखणं

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली, त्याला लहान गावातलं आयुष्य चांगलंच ठाऊक असणार. कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, समोरच्या काठावर अष्टमी. मधे पूल, नगरपरिषद दोघांची एकच, आणि माणसं एकमेकांना घराण्यासकट ओळखणारी. इथे दवाखान्यातला कंपाउंडर शेजारच्या आळीतला निघतो, मेडिकलवाला मुलाच्या वर्गमित्राचा बाप असतो, आणि बाकावर नंबरची वाट बघताना नात्यातली एखादी काकू हमखास विचारते, ''काय गं, बरं नाही का?'' ताप, खोकला, गुडघे असतील तर उत्तर देता येतं. जांघेजवळ उठलेल्या तपकिरी पुळ्यांचं उत्तर देता येत नाही.

मग ठरल्या वाटेने सगळं घडतं. आधी खोबरेल. मग मेडिकलच्या दुकानात गर्दी ओसरल्यावर हळू आवाजात, ''दादा, खाजेचं काहीतरी द्या.'' दादाही काही विचारत नाहीत. ट्यूब कागदात गुंडाळून देतात. त्या एकाच ट्यूबमध्ये जोरकस स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि जंतुनाशक असं तिन्ही असतं. चार दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, बरं वाटतं. पुळ्या मात्र जागच्या जागी राहतात, कारण ट्यूबमधलं काहीच त्यांच्यासाठी नसतं. उलट स्टिरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि त्वचा पातळ होते. पुढे कधी डॉक्टरांनी पाहिलंच, तर दुखण्याचं मूळ रूप पुसट झालेलं असतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या मिश्र मलमांविरुद्ध कित्येक वर्षं बोलते आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमही केला. तरी ट्यूब मिळते.

अशा बहुतेक पुळ्या निरुपद्रवी असतात, हे आधीच सांगायला हवं. काही मात्र एका विषाणूने बिघडवलेल्या त्वचेच्या असतात आणि सोडून दिल्या तर त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो. त्याला बहुतेकदा वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत उपचार अगदी छोटा असतो: एक मलम, लेझरची एक बैठक, फार तर छोटी शस्त्रक्रिया. या प्रकरणाचा विषय ती मधली वर्षं आहेत. ती कशी ओळखायची, आणि लाजेपायी ती कशी वाया जातात.

विषाणू

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हे एका विषाणूचं नाव नाही. ते दोनशेहून अधिक प्रकारांचं कुटुंब आहे. हातापायांवरच्या साध्या चामखिळी यातल्याच काही प्रकारांनी होतात. जननेंद्रियांवर फुलकोबीसारख्या चामखिळी उठवणारे ६ आणि ११ हे प्रकार दिसायला किळसवाणे, पण कर्करोगाच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी. खरी भीती १६, १८ आणि त्यांच्या काही भावंडांची. जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १६ नंबरचा आणि पुढच्या वर्षी १८ नंबरचा विषाणू वेगळा काढला. त्याआधी बरीच वर्षं संशयाचं बोट नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसच्या विषाणूकडे होतं. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

हा विषाणू त्वचेला त्वचा लागून पसरतो. लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. दहातल्या साधारण नऊ जणांत शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत आपोआप हुसकावून लावतं. झाला होता हेही कळत नाही. निरोधने धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण निरोध सगळी त्वचा झाकत नाही. आणि हा विषाणू अंगात कित्येक वर्षं गप्प राहू शकतो. त्यामुळे आज डाग दिसला म्हणून नवऱ्याने किंवा बायकोने अलीकडे काही केलं, असा अर्थ निघत नाही. हे एक वाक्य डॉक्टरांनी वेळेवर उच्चारलं नाही, तर आजारापेक्षा मोठं भांडण घरात उभं राहतं.

ज्या थोड्यांच्या शरीरात १६ किंवा १८ ठाण मांडून बसतो, त्यांच्या पेशींत दोन प्रथिनं सतत तयार होत राहतात, ई-६ आणि ई-७. आपल्या पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन असतं. जनुकांत दुरुस्त न होणारा बिघाड झाला की ते पेशीचं विभाजन थांबवतं, वेळ पडल्यास पेशीला मरायला लावतं. ई-६ या पी-५३ चा नाश घडवून आणतं. ई-७ विभाजनावर ताबा ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला निकामी करतं. आता पेशी थांबत नाही आणि मरतही नाही. त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात होणारं विभाजन वरच्या थरांतही दिसू लागतं, पेशींचा आकार बिघडतो, रांग मोडते. पण जोवर या पेशींनी त्वचेच्या तळाचा पडदा फोडलेला नाही, तोवर त्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलेल्या नसतात, आणि दुसरीकडे पसरूही शकत नाहीत. या अवस्थेला कर्करोगपूर्व म्हणतात. सामान्य प्रतिकारशक्तीच्या स्त्रीत गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला संसर्गापासून १५ ते २० वर्षं लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपचाराविना एचआयव्ही असेल तर ५ ते १०.

डाग कसे दिसतात

पॅरिसच्या लुई केरा यांनी १९११ मध्ये शिश्नाच्या टोकावरचा मखमलीसारखा लालभडक चट्टा वर्णिला. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या जॉन टेम्पलटन बोवेन यांनी त्वचेवरच्या खवलेदार, हट्टी चट्ट्यांचं वर्णन केलं. अंगावर कुठेही येणाऱ्या त्या दुखण्याला आजही बोवेनचं नाव आहे. तिसरं दुखणं बरंच उशिरा, १९७० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या ध्यानात आलं. तरुण माणसं, जननेंद्रियांवर बारीक, तपकिरी किंवा जांभळट, गुळगुळीत पुळ्यांचा पुंजका. दिसायला साध्या चामखिळी. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र हुबेहूब बोवेनच्या चट्ट्यासारखं. म्हणून नाव पडलं बोवेनॉइड पॅप्युलोसिस. बहुतेक वेळा मागे १६ नंबरचा विषाणू सापडतो.

या तिसऱ्या दुखण्यात फसायला दोन्ही बाजूंनी वाव आहे. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र भयंकर, पण वागणं बऱ्याचदा सौम्य. तरुणांत पुष्कळदा पुळ्या आपोआप जातात, कर्करोगाचं प्रमाण थोडं. त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून मोठी शस्त्रक्रिया करणं चूक, आणि 'चामखीळच आहे' म्हणून सोडून देणंही चूक. वय वाढलेलं असेल, प्रतिकारशक्ती दुबळी असेल, डाग एकटा आणि मोठा असेल, तर तो निवांतपणे बघत बसण्याचा डाग नव्हे.

स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियावरच्या कर्करोगपूर्व डागांच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक विषाणूची: साधारण तिशी ते पन्नाशी, एकाहून जास्त डाग, रंग तपकिरी, लाल, राखाडी किंवा पांढरा, खाज किंवा जळजळ. दुसरी वाट विषाणूची नाहीच. पाळी गेल्यानंतरच्या वयात त्वचा पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी होते, रात्री खाजेने झोप येत नाही; याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. त्यावर डॉक्टर मुद्दाम जोरकस स्टिरॉइड मलम लांब काळ देतात आणि ते योग्यच असतं. मात्र या पांढऱ्या त्वचेत उठलेली गाठ किंवा न भरणारी चीर विषाणूच्या वाटेवरच्या डागापेक्षा लवकर कर्करोगाकडे जाऊ शकते. एकाच ट्यूबने एकीला आराम आणि दुसरीला नुकसान, ते असं. अंदाजाने मलम लावू नये, ते यासाठी.

पुरुषांत शिश्नाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांमागे एचपीव्ही असतो. पुढची कातडी मागे न सरकणं, आत मळ साठत राहणं, वारंवार सूज येणं ही उरलेल्यांतली काही कारणं. लहानपणी सुंता झालेल्यांत हा कर्करोग क्वचित दिसतो. रोहा-अष्टमीत हिंदू-मुसलमान शेजारी राहतात, त्यामुळे दोन्ही घरांतल्यांना उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी: सुंता झालेली असली तरी विषाणू होऊ शकतो आणि डाग दाखवायलाच हवा, आणि सुंता नसेल तर कातडी मागे घेऊन रोज साध्या पाण्याने धुणं ही सवय मुलांना बापाने लावायची असते. मोठेपणी कातडी मागे सरकत नसेल तर तीही डॉक्टरांकडे जाण्याची गोष्ट आहे.

तुकडा

निदान नजरेने सुरू होतं, पण नजरेवर संपत नाही. साधी चामखीळ, लायकेन प्लेनस, खरजेच्या गाठी, वयाचे मस्से, जन्मखूण या सगळ्यांचं या डागांशी साम्य असतं. अनुभवी डॉक्टरही चकतात. म्हणून तीन परिस्थितींत तुकडा काढून तपासायचा असतो: उपचार करूनही काही आठवड्यांत न गेलेला डाग, रंग, आकार बदलणारा, रक्त येणारा किंवा कडक झालेला डाग, आणि पाळी गेल्यानंतर नव्याने आलेली 'चामखीळ'.

तुकडा या शब्दाला माणसं घाबरतात, म्हणून तो कसा काढतात ते बघू. डाग नुसत्या डोळ्यांनी आणि मग भिंगातून पाहतात. त्याच्या सगळ्यात संशयास्पद भागाशेजारी बारीक सुईने भूल देतात. टोचतं ते इतकंच. मग पेन्सिलीएवढ्या जाडीचं, टोकाला गोल धार असलेलं एक छोटं हत्यार त्वचेवर टेकवून फिरवतात. तीन-चार मिलिमीटरची गोल चकती सुटते. चिमट्याने ती उचलून तळाशी कापतात आणि फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. एखादा टाका, नाहीतर नुसती दाबून धरलेली गॉझ. पंधरा-वीस मिनिटांत माणूस चालत घरी जातो. डाग बरेच आणि वेगवेगळे दिसत असतील तर एकाहून अधिक जागांचे तुकडे घेतात, कारण एकाच अंगावर एक डाग सौम्य आणि दुसरा पुढे गेलेला असू शकतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. न काढल्याने मात्र तो कुठवर गेला ते कळत नाही.

पुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं. चकती मेणात बसवून केसापेक्षा पातळ काप घेतात, गुलाबी-निळ्या रंगात बुडवतात आणि पाहतात: बिघडलेल्या पेशी किती थरांपर्यंत आहेत, आणि तळाचा पडदा शाबूत आहे का. शंका असेल तर पी-१६ नावाच्या प्रथिनाचा रंग देतात. ई-७ च्या करणीमुळे हे प्रथिन पेशीत भरमसाट साठतं. सगळा थर तपकिरी उमटला तर विषाणूची वाट पक्की. इथे रुग्णाने एक गोष्ट स्वतःहून सांगायला हवी. चामखिळीवर लावतात ते पॉडोफायलिन आधी लावलं असेल, तर पेशी विभाजनाच्या मध्यावरच अडकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगपूर्व बिघाडाचा भास होतो. काय काय लावून झालं याची यादी लपवली, की रिपोर्ट चुकण्याची शक्यता वाढते.

डाग एका जागी सापडला की बाकीच्या जागाही पाहतात, कारण विषाणू सगळ्या परिसरात असतो. स्त्रीचं गर्भाशयमुख, योनी, गुदद्वार. पुरुषाचं गुदद्वार आणि मूत्रद्वार. एचआयव्हीची तपासणी संमतीने करतात. जोडीदारालाही तपासायला बोलावतात, आणि त्यामागे आरोप नसतो. बोवेनॉइड पॅप्युलोसिस असलेल्या पुरुषाच्या बायकोची गर्भाशयमुखाची तपासणी करणं हा कित्येकदा त्या सगळ्या उपचारातला सर्वांत मोलाचा भाग ठरतो.

उपचार

इथे तत्त्व एकच: बिघडलेली त्वचा जावी, चांगली राहावी. कधीकाळी बाह्य जननेंद्रियाची सगळी त्वचा कापून काढत. बाई कर्करोगातून वाचायची आणि संसारातून उठायची. आज तसं करत नाहीत.

तुकड्याने कर्करोग नसल्याची खात्री झाली की पर्याय उघडतात. डाग एकटा आणि मोठा असेल तर कडेची थोडी निरोगी त्वचा घेऊन तो काढून टाकतात. फायदा असा की सगळा डाग तपासायला मिळतो. पुष्कळ आणि पसरलेले असतील तर कार्बन डायऑक्साइड लेझरने जाळतात, किंवा द्रव नायट्रोजनने गोठवतात. तिसरा पर्याय इमिक्विमॉड नावाचं मलम. ते विषाणूला मारत नाही. त्वचेतल्या पहारेकरी पेशींना चाळवतं आणि इंटरफेरॉन तयार व्हायला लावतं. मग आपलंच शरीर त्या पेशींवर तुटून पडतं. आठवड्यातून दोन-तीन रात्री, पातळ थर, सकाळी धुऊन टाकायचं, आणि असं तीन-चार महिने. मधे जागा लाल होते, सोलवटते, जळजळते, कधी अंगात कणकण येते. याची पूर्वकल्पना दिली नाही तर माणूस दुसऱ्या आठवड्यातच मलम फेकून देतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये हे मलम आणि नुसतं साधं मलम यांची तुलना प्रसिद्ध केली: २६ पैकी २१ स्त्रियांचे डाग औषधाने लक्षणीय आकसले, साध्या मलमाने एकीचेही नाहीत. ऑस्ट्रियातल्या २०२२ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया आणि इमिक्विमॉड दोन्हींचा गुण सुमारे ८० टक्के म्हणजे जवळजवळ सारखा आला. गरोदरपणात हे मलम सहसा टाळतात. तेव्हा दिसलेल्या पुळ्या पुष्कळदा बाळंतपणानंतर आपोआप ओसरतात, म्हणून डॉक्टर थांबून लक्ष ठेवतात.

डाग पुन्हा येतात. भाताच्या खाचरातलं तण उपटलं तरी बी मातीत राहतंच, तसा विषाणू आजूबाजूच्या दिसायला निरोगी त्वचेत राहतो. त्यामुळे उपचारानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी जागा दाखवायची. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत डाग जास्त होतात आणि जास्त परततात. ती सोडणं हाही उपचारच.

आणि काहीच केलं नाही तर? याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका रुग्णालयातल्या स्त्रियांनी नकळत दिलं आहे. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा असा ग्रह होता, की गर्भाशयमुखाचे तीव्र कर्करोगपूर्व बदल पुढे जातच नाहीत. त्यांनी १९६० च्या दशकापासून काही स्त्रियांना उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं. त्यांची संमती घेतली नव्हती. १९८७ मध्ये चौकशी बसली. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं: पुरेसा उपचार न मिळालेल्यांपैकी ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कर्करोग झाला, उपचार मिळालेल्यांत एक टक्क्याहून कमी.

बार्शीने काय दाखवलं

बाह्य डाग दिसतो. गर्भाशयमुखावरचा दिसत नाही, आणि मरण तिथूनच जास्त येतं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. या दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या दोन्ही दुखण्यांचं मूळ एक, लाजही एक. ती लाज कशी ओलांडता येते, हे जगाला महाराष्ट्रातल्या खेड्यांनी दाखवलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने यांचं तिथलं रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी मिळून ती उभी केली. शहरात रुग्णालयांचे कागद गोळा केले की नोंदणी होते. खेड्यात कागदच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना जमवून लक्षणं समजावून सांगू लागले आणि संशय आला की बार्शीला यायला सांगू लागले. त्याचा एक अनपेक्षित गुण आला. ना यंत्र, ना लस, नुसत्या बोलण्याने बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यात रुग्णालयात पोचू लागल्या. १९९५ मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले.

त्याच पायावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट. एका गटसमूहात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून तपासणं, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या स्त्रियांत आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर तपासणी नसलेल्या गटात ६४. ज्यांची तपासणी निर्दोष आली, त्यांच्यातली एकही या कर्करोगाने दगावली नाही. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, यावर पुढे जोरदार टीका झाली, आणि ऑकलंडची कथा वाचल्यावर ती टीका हलक्याने घेता येत नाही. पण एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात ही गोष्ट जगभरच्या धोरणांत गेली ती मराठवाड्यातल्या या खेड्यांतून.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने याहून साधी वाट धरली. त्यांनी निदान दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि तपासणी त्यांच्याच हाती सोपवली. बाई आडवी होते, योनीत स्पेक्युलम सरकवून गर्भाशयमुख उजेडात आणतात, त्यावर व्हिनेगरएवढ्या तीव्रतेच्या ॲसेटिक ॲसिडचा बोळा टेकवतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींत केंद्रकं मोठी, प्रथिनं जास्त. ॲसिडने ती गोठतात आणि तेवढाच भाग पांढराफट, ठळक काठाचा उमटतो. निरोगी भाग गुलाबीच राहतो. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणीच्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पांढरा भाग सापडला, तर तापवलेल्या किंवा गोठवलेल्या टोकाने तो काही मिनिटांत नष्ट करता येतो, किंवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने कापून काढता येतो. गर्भपिशवी काढावी लागत नाही.

एचपीव्हीवरच्या लसीच्या कथेतही बार्शी आणि पुणे आहेत. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते. बार्शी आणि पुणे ही त्यातली दोन केंद्रं. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलं, सरकारने एचपीव्ही लसीचे अभ्यास थांबवले आणि हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. संशोधकांनी त्यांच्याकडे पाठ न फिरवता वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये दिसलं, की एका डोसनेही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं मान्य केलं. त्याच २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे, म्हणजे चामखिळींवर आणि या प्रकरणातल्या बहुतेक डागांवरही. ९ ते १४ हे तिचं उत्तम वय. आधीच झालेला डाग मात्र लसीने जात नाही.

रोह्याहून पुढे

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ॲसेटिक ॲसिडची तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर. आशाताई त्यासाठी घरी येतात. ''वहिनी, तुम्हाला काही त्रास नाही ना, मग चला,'' असं त्यांनी म्हटलं तर ते उफराटं वाटतं, पण बरोबर आहे. त्रास व्हायच्या आधीचीच ही तपासणी आहे.

डाग दिसला असेल आणि गावात दाखवायची लाज वाटत असेल, तर गावाबाहेर दाखवावा. त्यात कमीपणा नाही. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचा आणि गुप्तरोग विभाग असतो. दारावरची पाटी वाचून बिचकू नये, इसबाचे आणि केस गळणारेही त्याच रांगेत बसलेले असतात. स्त्रीला स्त्री डॉक्टरच हवी असं सांगण्याचा हक्क आहे, आणि पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत दुसरी स्त्री असणं हा नियम आहे. रिपोर्टमध्ये कर्करोग निघालाच, तर टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे, डॉ. वसंत खानोलकर यांनी परळला घडवलेल्या कर्करोग संशोधन संस्थेचं ते आजचं घर. रोह्याहून पनवेलपर्यंत रेल्वे जाते, पुढे खारघर हाकेच्या अंतरावर. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

स्टेशनाच्या भिंतींवर आणि एसटी स्टँडच्या मुतारीत 'गुप्तरोग हमखास बरा'च्या जाहिराती असतात. त्या टिकून आहेत, कारण तिथे कुणी ओळखीचं भेटत नाही आणि कुणी प्रश्न विचारत नाही. पण तिथे तुकडाही कुणी काढत नाही. डॉक्टर चांगले आहेत की नाहीत हे ओळखायला रुग्णाजवळ दोन साधे प्रश्न असतात. मलम लिहून दिलं की विचारावं, ''चार आठवड्यांत गेलं नाही तर पुढे काय करायचं?'' आणि चामखीळ जाळायला निघाले की विचारावं, ''आधी तुकडा तपासायची गरज नाही ना?'' यावर नीट उत्तर देणारे डॉक्टर सापडले, की त्यांच्याकडे ठरल्या वेळी पुन्हा जाणं अवघड वाटत नाही.